काळ्या रेघेचा पट्टा

आश्विनातलं ऊन भाताच्या लोंब्यांवर उतरू लागलं, की अजूनही मला कुठूनसा खळीचा वास येतो. भाजून सोललेले चिंचोके भिजवून, वाटून घंगाळात रटरटा शिजवले की सुटतो तो वास. थोडा आंबूस, थोडा करपलेला, आणि भूक चाळवणारा. त्या वासापाठोपाठ लाकडाचा ठोका ऐकू येतो. एक ठोका, मग धोटा इकडून तिकडे जाईपर्यंतची शांतता, मग पुन्हा ठोका. आणि त्या ठोक्यापाठोपाठ पाय खड्ड्यात सोडून मागावर बसलेली, पांढऱ्या केसांत पांढऱ्याच लोकरीचे तंतू अडकलेली ठकूमावशी दिसू लागते. माणसं चेहऱ्याने आठवतात म्हणे. मला ती आधी वासाने आठवते, मग आवाजाने, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी येतो, तोही हसत.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. सगळ्या कामशेतचीच ती मावशी होती. बाजारपेठेमागच्या आळीत तिचा घोंगड्यांचा माग होता. नवरा गेल्यावर भावकीने येऊन सांगितलं, की बाईमाणसाने मागावर बसणं बरं दिसत नाही. तिने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, त्यांना वेशीपर्यंत पोचवून आली आणि मागावर जाऊन बसली. आंदर मावळातून उतरणारे धनगर तिच्या ओसरीवर लोकरीची गाठोडी टाकत, आणि ती मूठभर लोकर नाकाशी नेऊन, मेंढरू यंदा कुठल्या डोंगरावर चरलं ते सांगायचा प्रयत्न करी. बहुतेक वेळा तिचं चुकत असे. धनगर हसत, तीही हसे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तितक्याच गंभीरपणे वास घेई.

तिची एक लकब मी जन्मात विसरणार नाही. बोलता बोलता ती समोरच्या बाईचा पदर अंगठा आणि तर्जनीत धरून चोळत राही. कापडाशी ती बोले ते बोटांनीच, आणि त्या बोलण्यात तोंडाचा अडथळा येत नसे. माझी तिची पहिली भेट झाली ती मी तळेगावहून लग्न होऊन नुकती आले होते तेव्हा, मावळातली पहिली थंडी अंगात शिरल्यावर घोंगडं घ्यायला गेले त्या दिवशी. तिने माझा पदर चोळला आणि निकाल दिला, "सूत बरं हाय. खळ कमी." पुढे कळलं, की जगातल्या बहुतेक गोष्टींविषयी तिचं हेच मत होतं. गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या घोंगड्यावर ती खळीचा शेवटचा हात फिरवी आणि उन्हात ते असं कडक वाळवी, की नवं घोंगडं कोपऱ्यात आपल्या पायावर उभं राही. लुळं कापड आणि लुळा माणूस, दोघांविषयी तिला सारखीच कणव वाटे.

आमचं बिऱ्हाड इंद्रायणीच्या काठी, कागदाच्या एका लहानशा गिरणीच्या आवारात होतं. आमचे हे तिथे यंत्रावरचे मुख्य मिस्त्री, आणि मी कागद निवडायच्या खोलीत बायकांवर देखरेखीला. गिरणी लहान, पण तिथला कागद पाहायला माणसं लोणावळ्याहून येत. पतंगी कागद तो. पतंगांना, फुलांना, आकाशकंदिलांना लागणारा, श्वास लागला तरी हलणारा. पातळ पेजेसारखा लगदा पितळी जाळीवर पसरायचा, पाणी गळून जायचं, आणि जाळीवर उरायची ती ओली साय. ती साय इतकी नाजूक, की स्वतःचं वजनसुद्धा तिला पेलत नसे. तिला उचलून पुढे न्यायचं काम लोकरीच्या एका पट्ट्याचं. रुळांवरून अखंड फिरणारा, दोन्ही टोकं सांधून गोल केलेला तो पट्टा त्या ओल्या सायीला कडेवर घ्यायचा, तिच्यातलं पाणी पिऊन टाकायचा, आणि वाफेच्या तापलेल्या मोठ्या ढोलावर नेऊन अलगद ठेवायचा. ढोलाच्या पलीकडून निघायचा तो कोरडा, झुळझुळता कागद. लोक कागदाची तारीफ करत, यंत्राची करत. पट्ट्याकडे कोणाचं लक्ष जात नसे.

लक्ष गेलं ते तो फाटला तेव्हा. लढाई पेटलेली, बोटी बंद, आणि हे पट्टे येत विलायतेहून. गिरणीतला शेवटचा पट्टा ठिगळं लावून लावून भाद्रपदापर्यंत कसाबसा ओढला, आणि एका दुपारी तो रुळांवरच विरघळल्यासारखा उसवत गेला. यंत्र थांबलं. इतकी वर्षं त्या घरघरीत राहून आम्हांला ती ऐकू येईनाशी झाली होती. ती बंद पडल्यावर मात्र कानठळ्या बसल्या. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने सगळ्यांना बोलावून सरळ सांगितलं, की पुण्याच्या व्यापाऱ्यांना दिवाळीच्या कंदिलांचा कागद वेळेत गेला तर गिरणी राहील. नाहीतर यंत्र विकून टाकावं लागेल आणि ज्याने त्याने आपली वाट पाहावी. मला मावळ सोडून जायचं नव्हतं. भाताच्या वासाची, नदीच्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती, की दुसरीकडे मला झोप लागली नसती.

दोन दिवस हे त्या फाटक्या पट्ट्याचा तुकडा मांडीवर घेऊन बसून होते, जेवायला उठवलं तरी तुकडा हातातच. तिसऱ्या दिवशी मी तो काढून घेतला, ओच्यात बांधला, ह्यांना बरोबर घेतलं आणि कामशेतची वाट धरली.

ठकूमावशीने तुकडा चोळला, हुंगला, त्यातला एक धागा उपसून दातांत धरला. तिची बोटं त्या कापडाशी बराच वेळ बोलत राहिली. मग ती म्हणाली, "मेंढरू आपलं न्हाई. पर हे इनलेलं हाय. आन इनलेलं हाय म्हंजे इनता येतंय."

मी अजून सांगते, त्या एका वाक्याने माझ्या अंगावर काटा आला. परत येताना आम्ही दोघं जवळजवळ पळतच होतो. बांधावर दोन्ही अंगांनी भात पोटरीला आलेला, पाण्यात आभाळ पडलेलं, आणि ह्यांच्यासारखा मोजून बोलणारा माणूस वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होता, की पट्टा मिळणार.

मग सुरू झाला तो उत्सवच म्हणायचा. सुताराने माग रुंद करून दिला. ओसरीवर पिंजणाऱ्याच्या तातीचा झंकार दिवसभर घुमे, आणि पिंजलेली लोकर उन्हात तरंगताना दिसे. आळीतल्या बायका येता-जाता चरख्यावर हात लावून जात. सवड सापडली की मी कामशेतला धावे. सकाळचं तिरपं ऊन कौलांतल्या फटीतून तिच्या मागावर पडे, आणि धोटा त्या उन्हातून आरपार गेला की क्षणभर सोन्याचा होई. तिच्या हातांना घाई नव्हती. दिवाळी जवळ येत होती, आमचे जीव टांगणीला लागले होते, आणि ठकूमावशीचा ठोका मात्र तसाच पडत होता, जसा तो आमच्या आधीही पडत आला होता.

विणून होत आलं तेव्हा तिने एका काळ्या मेंढीची लोकर काढली आणि पट्ट्याच्या रुंदीभर, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, एक रेघ घातली. हे अस्वस्थ झाले. त्यांनी नमुना दिला होता त्यात रेघ नव्हती.

"मावशी, हे कोणाच्या अंगावर जायचं नाही. यंत्रावर जायचंय," ते म्हणाले.

"काठाबिगर घोंगडं मी कुनाला घातलं न्हाई आजवर," ती मान वर न करता बोलली. "मग यंत्रालाच का उगडं ठिवायचं?"

रेघ राहिली. मग त्या रेघेशेजारीच तिने दोन्ही टोकांच्या दशा एकमेकींत दाभणाने अशा गुंफल्या, की सांधा डोळ्यांना दिसेना. फक्त बोट फिरवलं की जाणवे, वळलेल्या करंजीच्या मुरडीसारखा.

पट्टा बैलगाडीतून गिरणीत आला. पुढे गाडीवानाशेजारी ठकूमावशी, नव्या लुगड्यात, कपाळभर कुंकवाची जागा मोकळी ठेवून पण केसांत झेंडू खोवलेली. तेवढी हौस तिने कोणाला विचारून केली नसती. निवडायच्या खोलीतल्या बायकांनी पट्ट्यावरून हात फिरवले. काय कडकपणा, काय झळाळी. ह्यांनीसुद्धा त्यावर टिचकी मारून पाहिली आणि मान डोलावली. पट्टा रुळांवर चढला. थोडा सैल बसला, म्हणून ताणाचा रूळ अगदी शेवटच्या टोकापर्यंत मागे सरकवावा लागला. वाफ सुटली, ढोल फिरू लागला, लगद्याची पेज जाळीवर पसरली. मालक येऊन उभा राहिला. मी तोंडाला पदर लावून उभी.

ओली साय जाळीवरून पट्ट्यावर आली आणि घसरली. पट्टा पाणी पिईना. पाणी त्याच्या पाठीवर तसंच उभं राहिलं, साय त्यात तरंगू लागली, चिकटली, फाटली, आणि ढोलावर गेला तो नुसता चिखल. ह्यांनी हात वर केला. यंत्र पुन्हा थांबलं.

ठकूमावशी पुढे झाली आणि तिने पट्ट्याचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरला. चोळला. तिच्या बोटांना बुळबुळीत लागलं ते तिच्या चेहऱ्यावर आम्हांला दिसलं.

"खळ," ती म्हणाली. "मी खळ दिली त्याला."

देणारच होती ती. तिच्या घरातून बिनखळीचा जिन्नस आजवर बाहेर पडलेला नव्हता, आणि हा तर तिने आयुष्यात विणलेला सगळ्यांत मोठा. आदल्या दिवशी सगळं झाल्यावर तिने आपल्या हौसेने, सगळ्यांत दाट खळ शिजवून, शेवटचा हात फिरवला होता. लोकरीचं एकेक छिद्र तिने मायेने बुजवून टाकलं होतं. देऊ नको असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण ती देईल हे गिरणीत कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं; आणि आम्ही सगळ्यांनी तर त्या कडकपणाचं कौतुकच केलं होतं. लोकर संपली होती. दुसरा पट्टा विणायला दिवस उरले नव्हते. मालक खिशात हात घालून उभा राहिला, मग वळला आणि कचेरीकडे चालू लागला. ठकूमावशी तिथेच, ओल्या फरशीवर बसली. तिला लुळी झालेली मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मला गिरणीचं, बिऱ्हाडाचं, कशाचंही वाटलं नाही इतकं वाईट त्या क्षणी तिचं वाटलं. मी तिच्याशेजारी बसले. तिने सवयीने माझा पदर बोटांत धरला, पण चोळला नाही.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. पलीकडे बंद यंत्राच्या नळातून वाफ सुसू करत वाया जात होती. तिकडे पाहत ती म्हणाली, "मिस्त्री, तुमच्याकडं ऊन पानी लय असंल, न्हाई?"

हे जागच्या जागी उडालेच. खळ गार पाण्याला दाद देत नाही, पण कढत पाण्यात सुटते; आणि गिरणीत एवढी एकच गोष्ट मुबलक होती. लगद्याचा मोठा हौद रिकामा केला, त्यात वाफ सोडून पाणी तापवलं, बायकांनी पाट्यावर रिठे ठेचले. पट्टा हौदात उतरला आणि त्याच्यामागोमाग आम्ही सगळ्या. कासोटे घट्ट करून, एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून आम्ही तो तुडवू लागलो. मग यंत्रावरचे पुरुषही उतरले. पाय भाजत होते, फेस गुडघ्यापर्यंत आला होता, वाफेतून शेजारची बाईसुद्धा अर्धीच दिसत होती, आणि का कोण जाणे, सगळ्यांना हसू आवरत नव्हतं. झरोक्यांतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या त्या वाफेत जाड दिसत होत्या. हौदाच्या मधोमध ठकूमावशी, काळ्या रेघेवरून पावलागणिक मागे सरकत, सगळ्यांना ठेका देत होती. तोच तिच्या मागाचा ठेका. हौदाचं पाणी ताकासारखं गढूळ झालं. ते सोडलं, नवं भरलं, पुन्हा तुडवलं. पाणी निवळ होईपर्यंत आम्ही कोणी बाहेर आलो नाही. कचेरीच्या दारात मालक येऊन उभा राहिलेला मी पाहिला. थोड्या वेळाने त्याने जोडे काढले.

संध्याकाळी पट्टा इंद्रायणीत नेला. आश्विनात नदी इतकी नितळ असते, की तळाच्या गोट्यांवरचं शेवाळ दिसतं. दोन्ही कडांना माणसं उभी राहिली आणि वाहत्या पाण्यात तो लांबच लांब पट्टा सोडून धरला. मावळतीचं ऊन पाण्यावर, पाण्याखाली पांढरी लोकर, आणि लोकरीवर ती एक काळी रेघ, प्रवाहाबरोबर थरथरणारी. मी आयुष्यात पुष्कळ सुंदर गोष्टी पाहिल्या. हिच्या जवळ जाणारी नाही पाहिली.

दुसऱ्या दिवशी नवं संकट. पट्टा आटला होता. गरम पाणी, रिठे आणि इतक्या पायांच्या तुडवणीने लोकर दाटून आली होती, आणि तो रुळांवर चढेना. हे घामाघूम. शेवटी काल टोकापर्यंत मागे सरकवलेला ताणाचा रूळ होता नव्हता तेवढा पुढे आणला, सगळ्यांनी मिळून पट्टा ओढला, आणि तो बसला. असा बसला, की आदल्या दिवशीचा सैलपणा होता तेच बरं झालं असं हे पुढे कितीदा म्हणाले. मी हात लावून पाहिला. वासराच्या कानासारखा मऊ झाला होता.

यंत्र सुरू झालं. ओली साय जाळीवरून निघाली, पट्ट्यावर चढली, आणि पट्ट्याने तिला धरलं. पाणी पीत पीत तो तिला घेऊन ढोलापाशी गेला, ढोलाने तिला घेतलं, आणि पलीकडून कागद आला. खरा, अखंड, फिकट गुलाबी कागद, ज्याच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. ह्यांनी डोळे पुसले ते मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. तेवढ्यात खालच्या रुळावरून काळी रेघ वर आली, सरळ, ताठ, आमच्यासमोरून गेली आणि पुन्हा खाली उतरली. थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा जराशी तिरकी होती. हे एकदम पुढे झाले. पट्टा एका बाजूने पुढे धावू लागला होता. त्यांनी रूळ थोडा वळवला, आणि पुढच्या फेरीला रेघ सरळ झाली. मग ते ठकूमावशीकडे पाहत राहिले, आणि ठकूमावशी त्यांच्याकडे. तिला हे ठाऊक होतं असं मुळीच नाही. तिने काठ घातला होता, एवढंच.

मी तिला पहिल्या कागदाचा एक ताव दिला. तिने तो उजेडाकडे धरला, बोटांत धरून चोळला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"खळ लय कमी हाय," ती म्हणाली, आणि पहिली तीच हसली.

त्या दिवाळीला कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत ज्या दारांवर कंदील पेटले, त्यांतले कितीतरी आमच्या कागदाचे होते. लढाई संपेपर्यंत तिने आणखीही पट्टे विणले. सगळे काळ्या रेघेचे, आणि सगळे बिनखळीचे. गिरणीत सकाळी कामावर येणारा माणूस आधी विचारी, रेघ सरळ आहे ना. तोच आमचा रामराम झाला. पण दर वेळी पट्टा गाडीत घालताना ती तोंड फिरवून उभी राही. "लेकीला ओटी न भरता लावून दिल्यागत वाटतंय," ती मला म्हणे.

मग लढाई संपली. बोटी आल्या, विलायती पट्टे आले, आणि ह्यांनी त्यांच्यावर शाईने स्वतःच्या हाताने रेघ ओढून घेतली. ठकूमावशीचा शेवटचा पट्टा झिजून उतरला, तेव्हा गिरणीच्या रिवाजाप्रमाणे त्याचे तुकडे करून माणसांना पांघरायला वाटले. रेघेचा तुकडा कोणी मागितला नाही; तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. मी तो घेऊन कामशेतला गेले. ती आता मागावर बसत नव्हती. खाटेवर पडल्या पडल्या तिने तो हातात घेतला, आणि तिची बोटं पुन्हा बोलू लागली. मग ती उठली. मी नको नको म्हणत असताना तिने चिंचोके भाजले, भिजत घातले. दुसऱ्या दिवशी खळ शिजवली, कुंचल्याने त्या झिजलेल्या तुकड्यावर सावकाश हात फिरवला, आणि अंगणात उन्हाला टाकून त्याच्याकडे पाहत बसली.

"आता पुरं झालं," ती म्हणाली.

त्याच थंडीत ती गेली. जाताना तो तुकडा मला द्यायचं शेजारणीला सांगून गेली.

अजून तो माझ्याकडे आहे. घरातली मुलं म्हणतात, वास येतो, एकदा गरम पाण्यातून काढून टाक. मी हो म्हणते आणि काढत नाही. आश्विनात तेवढं त्याला ऊन देते. घडी उलगडली की काळी रेघ दिसते, आणि मी अंगठा आणि तर्जनीत काठ धरून खळ अजून आहे ना ते पाहते. यंत्रावर ती रेघ खाली उतरायची आणि पुन्हा वर यायची, त्यामुळे गेलेलं परत येतं असं माझ्या डोळ्यांच्या अंगवळणी पडून गेलं होतं. आता ती एका जागी स्थिर आहे, आणि फिरून फिरून तिच्यापाशी यावं लागतं ते मलाच.